पहिल्या वर्षीचे मत्स्यतळे : पाण्याचे दोष ओळखणे व दूर करणे

गोठ्यातील बैलाने वैरण सोडली की शेतकऱ्याच्या ते ताबडतोब ध्यानी येते. उभ्या पिकाचे पान पिवळे पडले तर बांधावरूनही दिसते. परंतु तळ्यातील माशाचे दुखणे पाण्याखाली झाकलेले असते आणि ते उघड्या डोळ्यांना दिसू लागते तेव्हा बहुधा उपायाची वेळ टळलेली असते. आदल्या सायंकाळी खाद्यावर झेपावणारे मासे दुसऱ्या दिवशी सकाळी पोट वर करून तरंगताना दिसले, असा अनुभव प्रथमच मत्स्यसंवर्धन करणाऱ्या अनेक शेतकऱ्यांना येतो. "रोग आला", "बी खोटे निघाले", "कोणी तरी विष कालविले" असे तर्क मग सुरू होतात. वस्तुतः अशा पुष्कळ प्रसंगी दोष पाण्यात असतो आणि पाणी त्याची सूचना काही दिवस आधीपासून देत असते. ही सूचना वाचावयास शिकणे हाच पहिल्या वर्षाचा खरा अभ्यास होय.

एके काळी मत्स्यबीज मिळविणे हीच मोठी अडचण होती. कटला, रोहू व मृगळ हे मासे साठलेल्या पाण्यात आपण होऊन अंडी घालीत नाहीत, म्हणून त्यांचे बीज नद्यांच्या पुरातून गोळा करावे लागे. डॉ. हिरालाल चौधरी यांनी दिनांक १० जुलै १९५७ रोजी ओरिसातील अंगुळ येथे मस्तिष्कग्रंथीच्या अर्काचे टोचण देऊन या जातींचे प्रजनन यशस्वी करून दाखविले आणि बीजाचा प्रश्न सुटण्याची वाट मोकळी झाली. पुढे महाराष्ट्र शासनाने २०१६ साली 'मागेल त्याला शेततळे' ही योजना जाहीर केल्यावर कोरडवाहू भागातही पाण्याचे साठे वाढले. बीज आणि पाणी यांची अशी सोय झाली, तरी त्या पाण्याची निगा राखण्याचे ज्ञान अद्याप सर्वत्र पोहोचलेले नाही. पुढील विवेचन त्या दृष्टीने केले आहे.

आधी पाणी मोजावे

आपल्या तळ्यात पाणी किती आहे हे ज्याला ठाऊक नाही, त्याला बीज, खाद्य, चुना वा औषध यांपैकी कशाचेही योग्य प्रमाण ठरविता येणार नाही. म्हणून हिशेबाचा आरंभ येथूनच करावा. वर ३० मीटर लांब व ३० मीटर रुंद, ३ मीटर खोल आणि बाजूंचा उतार एकास एक असे शेततळे घेतले तर त्याचा तळ २४ मीटर लांब व तितकाच रुंद येतो. असे तळे काठोकाठ भरले असता त्यात २,१९६ घनमीटर, म्हणजे सुमारे २२ लक्ष लिटर पाणी मावते. पृष्ठभाग ९०० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ नऊ गुंठे भरतो. पाण्यात एखादा पदार्थ लिटरमागे एक मिलिग्रॅम या प्रमाणात मिसळावयाचा असेल तर दर घनमीटरास एक ग्रॅम लागतो. याचा अर्थ या तळ्यास सुमारे २ किलो २०० ग्रॅम लागतील.

हेच तळे उन्हाळ्यात पिकाला पाणी देऊन एक मीटर खोलीवर आले तर त्यात अवघे ६२५ घनमीटर पाणी उरते. खोली एक तृतीयांश राहिली, पण पाणी त्याहूनही कमी झाले. बाजू उतरत्या असल्यामुळे असे घडते. पावसाळ्यात जे मासे सुखाने राहिले त्यांना तेवढ्याच संख्येने या उरलेल्या पाण्यात दाटीवाटीने राहावे लागते आणि तोवर त्यांचे वजनही वाढलेले असते. म्हणून बीजाची संख्या ठरविताना भरलेल्या तळ्याकडे न पाहता उन्हाळ्यात किती पाणी उरेल याचा विचार करावा.

साध्या तळ्यात हेक्टरी ५,००० ते १०,००० बोटुकली सोडण्याची शिफारस असते. त्या प्रमाणाने नऊ गुंठ्यांच्या तळ्यास ४५० ते ९०० बोटुकली पुरेशी होते. नवशिक्या शेतकऱ्याने खालच्या आकड्याजवळ राहणेच हितावह होय. "थोडी मरतील, म्हणून जास्त टाकू" या विचाराने पाच हजार बीज टाकणारा शेतकरी बहुधा पाचशे मासेही हाती लागत नाहीत अशा अवस्थेस येतो. असे का होते ते पुढे आकड्यांनी दाखविले आहे.

पाणी कोठून आले?

प्रत्येक उगमाच्या पाण्याचा आपला एक दोष असतो. विंधन विहिरीचे पाणी डोळ्यांना नितळ दिसते, परंतु भूगर्भातून येताना त्यात प्राणवायू अत्यल्प असतो. कार्बनवायू व कधी कधी लोह विरघळलेले असते. असे पाणी हवेत काही वेळ राहिल्यावर तांबूस होऊ लागले तर त्यात लोह आहे असे समजावे. हे तांबूस कण माशांच्या कल्ल्यांवर बसून श्वास कोंडतात. याकरिता विंधन विहिरीचे पाणी नळीने सरळ तळाशी न सोडता उंचावरून दगडांवर आपटून किंवा छिद्रे पाडलेल्या नळीतून फवारत सोडावे. बीज सोडण्यापूर्वी ते काही दिवस ऊनवाऱ्यात राहू द्यावे.

नळयोजनेच्या अथवा नुकतीच टीसीएल पावडर टाकलेल्या विहिरीच्या पाण्यात क्लोरिन असतो. माणसाला सुरक्षित असलेले हे प्रमाण माशाच्या कल्ल्यांना जाळते. सिमेंटच्या लहान टाकीत मासे ठेवणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. उथळ टाकीत पाणी एक-दोन दिवस उघड्या उन्हात ठेवून ढवळले असता क्लोरिन उडून जातो. घाई असल्यास सोडियम थायोसल्फेट वापरतात. लिटरमागे एक मिलिग्रॅम क्लोरिनला त्याचे सुमारे सात मिलिग्रॅम लागतात. ओढ्याचे वा कालव्याचे पाणी घेताना तोंडाशी बारीक जाळी लावावी. अन्यथा त्या वाटेने मरळ, शिंगाळा यांसारखे भक्षक मासे आत येतात व बोटुकली फस्त करतात.

बीज आणल्यावर पिशवी तोंड न उघडता १५ ते २० मिनिटे तळ्याच्या पाण्यावर तरंगत ठेवावी, म्हणजे आतील व बाहेरील पाण्याची उष्णता सारखी होते. नंतर तळ्याचे पाणी थोडे थोडे पिशवीत घालावे व मग पिशवी आडवी धरून मासे आपण होऊन बाहेर जाऊ द्यावेत. हे काम सकाळी अथवा सायंकाळी करावे.

पाण्याचा रंग काय सांगतो?

चांगल्या तळ्याचे पाणी फिकट हिरवे वा हिरवट तपकिरी असते. हा रंग सूक्ष्म प्लवंगांचा होय. वनस्पती प्लवंग सूर्यप्रकाशात प्राणवायू निर्माण करतात, माशांनी सोडलेला अमोनिया शोषून घेतात आणि प्राणी प्लवंगांचे अन्न होतात. कटल्यासारखा पृष्ठभागाजवळ चरणारा मासा त्यांवर वाढतो. पाणी अगदी नितळ असणे ही स्वच्छतेची खूण असली तरी माशांच्या दृष्टीने ती उपासमारीची खूण आहे.

पारखण्याची सोपी रीत अशी : सकाळी दहा-अकराच्या सुमारास हात सरळ पाण्यात घालावा. कोपरापर्यंत हात बुडेतो तळवा दिसेनासा झाला तर पाणी ठीक समजावे. कोपर बुडूनही तळवा स्पष्ट दिसत असेल तर खत कमी पडले आहे. मनगट बुडताच तळवा दिसेनासा झाला तर प्लवंग अतोनात वाढले आहेत व धोका जवळ आला आहे. अधिक नेमके माप हवे असल्यास २० सेंटिमीटर व्यासाच्या पत्र्याच्या तबकडीचे चार भाग करून आलटून पालटून काळे-पांढरे रंगवावेत व ती खुणा केलेल्या दोरीने पाण्यात सोडावी. ३० ते ४० सेंटिमीटर खोलीवर ती दिसेनाशी व्हावी.

प्लास्टिक अंथरलेल्या तळ्यात मातीचा संपर्क नसल्यामुळे प्लवंग उशिरा धरतात. तेथे बीज सोडण्यापूर्वी पंधरा दिवस हेक्टरी २ ते ३ टन या मानाने, म्हणजे नऊ गुंठ्यांस २०० ते २५० किलो कुजलेले शेणखत द्यावे. ते पाण्यात फेकून न देता गोणपाटाच्या पिशव्यांत भरून चार कोपऱ्यांना अर्धवट बुडते बांधावे. पाणी हवे तितके हिरवे झाले की पिशव्या काढून घेता येतात आणि प्लास्टिकवर गाळही साचत नाही.

पहाटेचे संकट

दिवसा वनस्पती प्लवंग प्राणवायू देतात, परंतु रात्री तेही माशांप्रमाणेच प्राणवायू घेतात. म्हणून तळ्यातील प्राणवायू दुपारी तीन-चारच्या सुमारास सर्वांत अधिक आणि सूर्योदयाच्या आधी सर्वांत कमी असतो. शिवाय उष्ण पाण्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंश सेल्सिअस उष्णतेच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशाच्या पाण्यात सुमारे साडेसात मिलिग्रॅमच मावतो. कार्प जातीच्या माशांना पाच मिलिग्रॅमच्या वर असेल तर बरे. तीनच्या खाली गेल्यास ते खाद्य सोडतात व आणखी घट झाल्यास गुदमरतात.

पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंडाची उघडझाप करीत असतील, काठावर टाळी वाजविली तरी खाली जात नसतील, तर प्राणवायू संपत आला आहे असे निश्चित समजावे. मोठे मासे आधी मरतात. मरळीसारखा हवेतून श्वास घेऊ शकणारा मासा मात्र तरतो. पुढील परिस्थितीत हे संकट विशेष संभवते : सलग दोन-तीन दिवस आभाळ भरून राहिले असता, गडद हिरवे पाणी एकाएकी तपकिरी वा पारदर्शक झाले असता, आणि कडक उन्हानंतर वळवाचा जोरदार पाऊस कोसळला असता. शेवटच्या प्रसंगी वरचे थंड झालेले पाणी खाली जाते व तळाचे प्राणवायूहीन पाणी वर येते. अशा वेळी भर दिवसाही मासे वर येतात.

तत्काळ करावयाचे उपाय असे. प्रथम खाद्य व खत बंद करावे. पंप चालू करून तळ्याचेच पाणी उचलावे व छिद्रांच्या नळीने अथवा उंचावरून फवारत तळ्यातच पाडावे. जवळ उघड्या विहिरीचे चांगले पाणी असेल तर तेही याच रीतीने सोडावे. विंधन विहिरीचे पाणी सरळ सोडू नये, कारण त्यातच प्राणवायू नसतो. वीज नसेल तर इंजिन लावावे. तेही नसल्यास काठावरून बांबूंनी पाणी झोडपावे. ऊन चढून मासे खाली जाईपर्यंत हे काम थांबवू नये. याच वेळी जाळे ओढून मासे काढण्याचा मोह आवरावा. गुदमरलेला मासा जाळ्याच्या धक्क्याने हमखास मरतो आणि तळाचा गाळ ढवळला जाऊन उरलासुरला प्राणवायूही नाहीसा होतो. त्यानंतर एक-दोन दिवस खाद्य देऊ नये व पुढे निम्म्याने सुरू करावे.

शेतीपंपास वीज कोणत्या पाळीत मिळते हे लक्षात घेऊन पहाटेची व्यवस्था आधीच लावून ठेवावी. संकटाच्या वेळी नळी शोधीत बसणे म्हणजे घर पेटल्यावर विहीर खणणे होय.

न दिसणारे विष : अमोनिया

मासा खातो त्या खाद्यातील प्रथिनांचा पुष्कळसा भाग अमोनियाच्या रूपाने त्याच्या कल्ल्यांतून पाण्यात येतो. जुन्या तळ्यात मातीवर, दगडांवर व काठांवर वाढलेले जिवाणू या अमोनियाचे प्रथम नायट्राइट व नंतर नायट्रेट बनवितात. नायट्रेट सामान्य प्रमाणात निरुपद्रवी असून पिकाला तर ते खतच आहे. नवीन तळ्यात, विशेषतः प्लास्टिकच्या तळ्यात व सिमेंटच्या टाकीत, हे जिवाणू आरंभी नसतात. त्यांची पुरेशी वाढ होण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. पाणी स्वच्छ दिसत असूनही नवीन टाकीत मासे का मरतात याचे उत्तर येथे आहे.

आता आकडे पाहू. चांगल्या प्रथिनयुक्त खाद्याच्या प्रत्येक किलोमागे सुमारे ३० ग्रॅम अमोनिया-नत्र पाण्यात येते. वर सांगितलेल्या भरलेल्या तळ्यात प्रत्येकी २०० ग्रॅम वजनाचे ६०० मासे असतील तर त्यांचे वजन १२० किलो होते. वजनाच्या दोन टक्के खाद्य दिले तर रोज २ किलो ४०० ग्रॅम खाद्य व ७२ ग्रॅम अमोनिया-नत्र. ते २,१९६ घनमीटरांत विखुरले असता लिटरमागे ०.०३ मिलिग्रॅमच वाढ होते आणि प्लवंग ती सहज शोषून घेतात. परंतु त्याच तळ्यात ५,००० मासे असतील तर रोज २० किलो खाद्य व ६०० ग्रॅम अमोनिया-नत्र होते, म्हणजे लिटरमागे दररोज ०.२७ मिलिग्रॅम. प्लवंग व जिवाणू कमी पडले तर आठवड्यात हा आकडा दोनच्या घरात जातो. उन्हाळ्यात तळे एक मीटरवर आले असता हीच वाढ साडेतीन पट वेगाने होते.

अमोनियाचे विषारीपण पाण्याच्या सामूवर अवलंबून असते. २५ अंश उष्णतेच्या पाण्यात सामू ७ असेल तर एकूण अमोनियापैकी एक टक्क्याहूनही कमी भाग विषारी वायुरूपात असतो. सामू ८ असता सुमारे ५ टक्के आणि ९ असता एक तृतीयांशाहून अधिक. म्हणून जे पाणी सकाळी निर्धोक तेच पाणी दुपारी, प्लवंगांमुळे सामू चढल्यावर, घातक ठरू शकते. मासे दुपारी सुस्त होणे, खाद्य सोडणे, कल्ले गडद वा सुजलेले दिसणे ही याची लक्षणे होत.

उपाय सरळ आहे : खाद्य ताबडतोब बंद करावे अथवा निम्म्यावर आणावे. तळाचे एक चतुर्थांश पाणी काढून तेवढेच चांगले पाणी भरावे व जरूर तर काही दिवसांनी हीच क्रिया पुन्हा करावी. काढलेले पाणी फुकट जात नाही. ते डाळिंबास, भाजीपाल्यास वा ज्वारीस द्यावे, त्यातील नत्र पिकास लाभते. नव्या सिमेंटच्या टाकीत जुन्या निरोगी तळ्यातील मूठभर दगडगोटे वा विटांचे तुकडे टाकल्यास जिवाणूंचे विरजण लागते. पहिला महिनाभर मासे थोडे व खाद्य अल्प ठेवावे.

मधल्या अवस्थेतील नायट्राइट वाढल्यास माशाचे रक्त तपकिरी होते व पाण्यात प्राणवायू असूनही मासा धापा टाकतो. कल्ल्याचा रंग चॉकलेटी दिसल्यास हा संशय घ्यावा. लहान टाकीत १,००० लिटर पाण्यास १०० ग्रॅम साधे मीठ विरघळवून टाकल्याने संरक्षण मिळते. मोठ्या शेततळ्यास मात्र याच प्रमाणात २२० किलो मीठ लागेल व ते पाणी पुढे पिकाला जाणार असल्याने तेथे पाणी बदलणेच श्रेयस्कर.

चुना : केव्हा द्यावा व केव्हा देऊ नये

"मासे बिघडले की चुना टाकावा" असा एक सल्ला गावोगाव दिला जातो. तो सर्वत्र लागू नाही. कोकणातील जांभ्या जमिनीत आम्लता असते. तेथे चुन्याने सामू सुधारतो, तळाचा गाळ लवकर कुजतो व खताचा गुण येतो. याउलट दख्खनच्या काळ्या जमिनीतील विहिरींचे पाणी मुळातच अल्कधर्मी असते. त्यात अमोनिया वाढलेला असताना चुना टाकला तर सामू आणखी चढतो आणि निरुपद्रवी अमोनियाचे रूपांतर विषात होते. औषध म्हणून दिलेला चुना मग माशांच्या नाशास कारण होतो.

यास्तव चुना देण्यापूर्वी मातीच्या तळ्यात मातीचा सामू तपासून घ्यावा. हेक्टरी प्रमाण सामान्यतः असे धरतात : सामू ५ ते ६.५ असल्यास १,००० किलो, ६.५ ते ७.५ असल्यास ५०० किलो, ७.५ ते ८.५ असल्यास २०० किलो. त्याहून अधिक असल्यास चुना देऊ नये. नऊ गुंठ्यांच्या तळ्यास ही प्रमाणे अनुक्रमे सुमारे ९०, ४५ व १८ किलो येतात. तळ्यात मासे असताना कळीचा चुना मुळीच टाकू नये. जरूर तर चुनखडीची भुकटी थोडी थोडी सकाळच्या वेळी द्यावी. पाण्याचा सामू पहाटे व दुपारी असा दोनदा मोजावा. दोहोंमध्ये फार मोठे अंतर पडत असेल तर प्लवंग प्रमाणाबाहेर वाढले आहेत असे जाणावे.

मातीचा गढूळपणा

तांबूस किंवा राखाडी गढूळ पाण्यात सूर्यप्रकाश शिरत नाही, प्लवंग वाढत नाहीत व कण कल्ल्यांत साचतात. गढूळपणा मातीचा की प्लवंगांचा हे ओळखण्यास काचेच्या पांढऱ्या पेल्यात पाणी घेऊन उजेडात धरावे व रंग पाहावा. हिरवटपणा प्लवंगांचा, मातकटपणा चिकणमातीचा. बांधावर गवत लावणे आणि ओहोळाचे पाणी आत येण्यापूर्वी गाळखड्ड्यात थांबविणे हा मूळ उपाय होय. तेवढ्याने भागले नाही तर तुरटीचा विचार करावा, परंतु प्रमाण आधी बादलीत ठरवावे.

त्याकरिता एक लिटर पाण्यात १० ग्रॅम तुरटी विरघळवावी. प्रत्येकी दहा लिटर तळ्याचे पाणी घेतलेल्या चार बादल्यांत या द्रावणाचे अनुक्रमे १०, १५, २० व २५ मिलिलिटर घालून ढवळावे. जितके मिलिलिटर घातले तितके मिलिग्रॅम तुरटी प्रत्येक लिटरास पडली असे होते. तासाभराने ज्या बादलीत कमीत कमी तुरटीने पाणी निवळले ते प्रमाण घ्यावे. २० मिलिग्रॅमने निवळले तर भरलेल्या तळ्यास सुमारे ४४ किलो तुरटी लागेल. तुरटीने पाण्याची अल्कता घटते. यामुळे कोकणासारख्या मऊ पाण्याच्या भागात तिचा उपयोग तज्ज्ञांना विचारूनच करावा.

शेवाळाची साय

वाऱ्याच्या दिशेच्या कोपऱ्यात निळसर-हिरव्या रंगाची, रंगकामातल्या तेलासारखी दिसणारी साय जमू लागली तर ते निळे-हिरवे शेवाळ होय. खत व खाद्य अति झाल्याचा हा पुरावा आहे. सकाळच्या वेळी धोतराच्या अगर जुन्या साडीच्या कापडाने ती साय काठाशी ओढून काढावी, खत बंद करावे, खाद्य घटवावे व थोडे पाणी बदलावे. मोरचूद टाकून सगळे शेवाळ एकदम मारू नये. मेलेले शेवाळ कुजताना प्राणवायू संपवून टाकते आणि मोरचूद माशांनाही घातक आहे. सायीच्या पाण्यावर जनावरे सोडू नयेत, कारण काही शेवाळे विषारी असतात.

फवारणीचे विष

कपाशी, तूर, द्राक्षे यांवर फवारली जाणारी पुष्कळशी कीटकनाशके माशांना अत्यल्प मात्रेतही मारतात. सायपरमेथ्रीनसारखी औषधे माणसाच्या मानाने सौम्य समजली जातात, परंतु माशांना ती अत्यंत घातक होत. फवारणी पंप तळ्यात धुवू नये, औषधाचे पाणी कालविण्यासाठी तळ्यात डबा बुडवू नये, वारा तळ्याकडे असताना लगतच्या शेतात फवारणी करू नये आणि शेताचे वाहते पाणी आत येऊ नये म्हणून काठाला उंचवटा ठेवावा. शेजारच्या शेतकऱ्यासही हे प्रेमाने सांगून ठेवावे. त्याने पंप कोठे धुवावा हे आपल्या माशांच्या जिवाचा प्रश्न असतो.

मासे मेल्यास तपासाचा क्रम

घाबरून जाऊन एकदम चार औषधे टाकण्याऐवजी पुढील प्रश्नांची उत्तरे क्रमाने शोधावीत.

मासे केव्हा मेले? पहाटे मेले व मोठे आधी मेले तर प्राणवायू. दुपारी सुस्त झाले व दोन-चार दिवसांत थोडे थोडे मेले तर अमोनिया.

कोणते मासे मेले? सर्व जातींचे, लहानमोठे, काही तासांतच मेले व बेडूक, किडे, मरळही मेली, तर विषाचा संशय घ्यावा.

अंगावर काय दिसते? व्रण, लाल ठिपके, कुजलेले पर, उवा असतील तर रोग. तरीही पाणी तपासावेच, कारण रोग बहुधा बिघडलेल्या पाण्यात बळावतो.

आदल्या आठवड्यात काय बदलले? नवे पाणी, खत, खाद्याची वाढ, जोराचा पाऊस, आभाळ, शेजारची फवारणी यांपैकी काय घडले याची नोंद काढावी.

मेलेले मासे ताबडतोब काढून तळ्यापासून दूर खड्ड्यात चुना टाकून पुरावेत. कारण न समजलेले मेलेले मासे विकू नयेत, खाऊ नयेत अगर जनावरांना घालू नयेत. स्वच्छ बाटली काठोकाठ भरून पाण्याचा नमुना घ्यावा, त्यावर दिनांक व वेळ लिहावी आणि मरणासन्न मासा बर्फात ठेवून दोन्ही वस्तू त्याच दिवशी मत्स्यव्यवसाय विभागाच्या कार्यालयात अथवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात पोहोचवाव्यात. कुजलेल्या माशावरून तज्ज्ञासही काही सांगता येत नाही.

विस्तार कार्यकर्त्यांचे कर्तव्य

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने आपल्या पिशवीत सामूचा कागद, अमोनिया तपासणीचे थेंबाचे साहित्य, उष्णतामापक व काळी-पांढरी तबकडी ठेवली तर सर्वसाधारण दोषांपैकी बहुतेक त्याला तळ्याकाठीच ओळखता येतील. भेटीची वेळ दुपारची न ठेवता महिन्यातून एकदा तरी पहाटेची ठेवावी. तळ्याची खरी प्रकृती तेव्हाच दिसते. शेतकऱ्याच्या घरी एक साधी वही ठेवावयास लावावी आणि तीत रोज सहा गोष्टी लिहवून घ्याव्यात : पहाटे मासे वर होते काय, पाण्याचा रंग, पाण्याची खोली, दिलेले खाद्य, उरलेले खाद्य आणि आभाळाची स्थिती. पुष्कळ घरी हे काम शाळेत जाणारी मुले आनंदाने करतात.

खाद्य टाकण्यापेक्षा ते ठेवण्याची रीत शिकवावी. टोपलीत अथवा छिद्रांच्या पिशवीत खाद्य ठेवून दोन तासांनी पाहिले असता उरलेले खाद्य दिसते व दुसऱ्या दिवशी तेवढे कमी करता येते. न खाल्लेले खाद्य म्हणजे पैसा पाण्यात जाणे एवढेच नव्हे, तर त्याच पैशाने पाणी नासविणे होय.

पहिल्या वर्षी तळ्यातून किती किलो मासे निघाले यावरूनच शेतकऱ्याची परीक्षा करू नये. ज्याने थोडे बीज सोडले, पहाटे उठून पाणी पाहिले, वहीत लिहिले आणि उन्हाळा लागताच पाणी घटण्यापूर्वी मोठे मासे काढून विकले, त्याच्या हाती चार पैसे तर येतातच, पण त्याहून मोलाचे म्हणजे आपल्या तळ्याच्या पाण्याची ओळख येते. जमिनीची ओळख आजोबांकडून वारशाने मिळाली. पाण्याची ओळख मात्र या पिढीला स्वतःच्या हाताने, कोपरापर्यंत हात बुडवून, करून घ्यावयाची आहे.